मधमाशीचे दिशाज्ञान आणि मधपेटीची जागा

कांद्याच्या बीजोत्पादनाच्या शेताजवळ ठेवलेली सातेरी मधमाश्यांची पेटी फवारणीपासून दूर राहावी म्हणून एखादा शेतकरी ती भर दुपारी उचलतो आणि बांधाच्या दुसऱ्या टोकाला, चाळीस-पन्नास पावलांवर, आंब्याच्या सावलीत नेऊन ठेवतो. पेटी तीच, राणी तीच, पोळीही तीच. जागा मात्र पूर्वीपेक्षा गार आणि निर्धास्त. तरीही सूर्यास्ताच्या सुमारास जुन्या जागी जाऊन पाहिले, तर रिकाम्या तिवईभोवती शेकडो माश्या घोंघावताना दिसतात. काही तिवईच्या पायांना घोसाने लटकलेल्या असतात. त्यांचे घर हाकेच्या अंतरावर असते, परंतु त्यांना ते सापडत नाही. रात्रीच्या गारठ्यात त्यांतील बऱ्याच माश्या मरून जातात आणि पेटीत उरतात ती राणी, अंडी, अळ्या व अद्याप बाहेर न पडलेल्या कोवळ्या माश्या. मकरंद व पराग आणणारी कामकरी फळीच नाहीशी झाल्याने वसाहत दुबळी होते, आणि ज्या परागसिंचनासाठी पेटी आणली, तेही साधत नाही.

असा प्रसंग पाहिला की माशीला अक्कल नाही, असे कोणासही वाटेल. वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे. दिशा ओळखण्याची जेवढी साधने या लहानशा कीटकाजवळ आहेत, तेवढी क्वचितच दुसऱ्या प्राण्याजवळ आढळतील. सूर्य, निरभ्र आकाशातील प्रकाश, गुरुत्वाकर्षण आणि पृथ्वीचे चुंबकत्व या चारही गोष्टींचा ती उपयोग करते. मात्र दिशा कळणे निराळे आणि घर कळणे निराळे. होकायंत्र हाती असलेल्या माणसाला उत्तर कोठे आहे ते समजते, आपले गाव कोठे आहे ते समजत नाही. मधमाशीचेही तसेच आहे. पेटी हलविताना होणाऱ्या नुकसानीचे मूळ या भेदात आहे, म्हणून तो नीट समजून घेणे इष्ट ठरते.

कामकरी माशी जन्मल्यापासून सुमारे दोन-तीन आठवडे घरातील कामे करते व त्यानंतर चारा गोळा करण्यास बाहेर पडते. बाहेरच्या कामाला लागण्यापूर्वी ती आपल्या घराची ओळख करून घेते. दुपारच्या उन्हात पेटीसमोर कोवळ्या माश्यांचा एक थवा वर-खाली झोके घेत उडताना दिसतो. पुष्कळ नवशिके मधपाळ यालाच भांडण किंवा लूट समजून घाबरतात. लक्षपूर्वक पाहिल्यास असे आढळेल की, या माश्यांची तोंडे पेटीकडे वळलेली असतात. त्या प्रवेशद्वाराकडे पाहात प्रथम लहान व मग मोठमोठी वर्तुळे घेतात. या फेऱ्यांत पेटीचे दार, शेजारचे झाड, बांध, विहिरीचा कठडा या सर्वांचा नकाशा माशीच्या स्मरणात उमटतो. हा नकाशा जमिनीचा असतो, पेटीचा नव्हे. पेटी उचलून नेली तरी माशी परत येते ती नकाशातील जागेवरच.

आता दिशेकडे वळू. फुलांचा चांगला ताटवा सापडलेली माशी पेटीत परतल्यावर पोळ्यावर एक विशिष्ट नाच करते. ती पोट थरथरवीत काही अंतर सरळ चालते, एका बाजूने वळून मूळ जागी येते, पुन्हा सरळ चालते व दुसऱ्या बाजूने वळते. ऑस्ट्रियात जन्मलेले शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी या नाचाचा अर्थ उलगडला व त्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. पोळे अंधारात असते आणि उभे टांगलेले असते. तेथे सूर्य दिसत नाही, म्हणून माशी सूर्याची जागा 'वर' या दिशेला देते. सरळ वर चालत नाच केला, तर त्याचा अर्थ 'सूर्याच्या दिशेने जा' असा होतो. उभ्या रेषेच्या उजवीकडे साठ अंशांचा कोन केला, तर सूर्याच्या उजवीकडे साठ अंशांवर फुले आहेत असे समजावयाचे. थरथरत चालण्याचा वेळ जितका अधिक, तितके अंतर अधिक. युरोपीय माशीच्या नाचात सुमारे एक सेकंदाची थरथर म्हणजे साधारणतः एक किलोमीटर असा हिशेब पडतो. आपली सातेरी माशी जवळचाच चारा पसंत करते, त्यामुळे तिच्या नाचात तेवढ्याच थरथरीचा अर्थ कितीतरी कमी अंतर असा होतो.

हे सर्व साधण्यासाठी अंधारात 'वर' व 'खाली' अचूक कळणे अगत्याचे आहे. गवंड्याजवळ जसा ओळंबा असतो, तसा तो माशीजवळही असतो. आणि तो तिच्या मानेत असतो. माशीचे डोके धडाला दोन बारीक खुंट्यांवर टेकलेले असते व त्या सांध्याशी दोन्ही बाजूंना ताठ केसांचे लहान पुंजके असतात. माशी उभ्या पोळ्यावर ज्या दिशेने चालेल, त्या मानाने डोक्याचा भार एका बाजूच्या केसांवर अधिक पडतो. कोणते केस किती दबले, यावरून तिला आपल्या शरीराचा कल समजतो. पोट व धड यांच्या सांध्याशीही असेच केस आहेत. मार्टिन लिंडावर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली हे दाखवून दिले. मानेतील या केसांकडून येणारे मज्जातंतू तोडले असता माशीला तोल व कोन साधेनासा होतो.

याच लिंडावर यांनी श्रीलंकेत राहून आपल्याकडील माश्यांच्या जातींचाही अभ्यास केला. झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढे पोळे करणारी फुलोरी माशी त्यांना वेगळी आढळली. ती पोळ्याच्या वरच्या, जवळजवळ सपाट असलेल्या माथ्यावर उघड्या आकाशाखाली नाचते आणि थेट फुलांच्या दिशेकडेच तोंड करून धावते. तिला सूर्याचे 'वर' मध्ये रूपांतर करण्याची गरजच पडत नाही. सातेरीने अंधाऱ्या ढोलीत संसार थाटला, म्हणून तिला हे भाषांतर शिकावे लागले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

सूर्याचा आधार मात्र सर्वकाळ सारखा मिळत नाही. महाराष्ट्रात मे महिन्यात सूर्य सकाळभर जवळजवळ पूर्वेसच राहून वर चढतो आणि दुपारी अगदी थोड्या वेळात पश्चिमेकडे कलतो. वर्षातून दोन दिवस तो बरोबर डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पुण्यास हा दिवस मेच्या मध्यास येतो. अशा वेळी सूर्याला दिशाच उरत नाही. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात सूर्य माथ्यावर असताना माश्या काही काळ बाहेरचे काम थांबवितात, असे लिंडावर यांना आढळले होते. ढगाळ दिवशी आकाशाचा एखादा निळा तुकडा दिसला तरी माशीचे काम भागते, कारण त्या प्रकाशाच्या कंपनांवरून सूर्य कोठे असावा ते तिच्या डोळ्यांना कळते. परंतु आषाढात सारे आभाळ भरून आले, तर? आणि पेटीच्या आत तर कायमचाच अंधार. येथे चौथ्या साधनाचा, चुंबकत्वाचा प्रश्न उभा राहतो.

पृथ्वी हा एक मोठा चुंबक आहे. होकायंत्राची सुई उत्तर-दक्षिण राहते ती त्यामुळेच. ही शक्ती फार क्षीण असते. महाराष्ट्रात तिचे मान सुमारे ४० ते ४५ हजार नॅनोटेस्ला भरते. कपाटाच्या दाराला लावतात तो लहानसा चुंबक त्याच्या शंभरपटीहूनही अधिक प्रबळ असतो. ही शक्ती मोजणे किती नाजूक काम आहे, याचे उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. मुंबईत कुलाबा येथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवली जात असे. शहरात विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने मोजमाप बिघडेल या कारणासाठी हे काम अलिबागला नेण्यात आले, आणि १९०४ पासून तेथे नोंदी होऊ लागल्या. ज्या शक्तीसाठी माणसाला समुद्रापलीकडे वेधशाळा हलवावी लागली, ती एका माशीला जाणवत असेल यावर विश्वास बसणे कठीण होते. शास्त्रज्ञांचाही बराच काळ बसला नव्हता.

पहिला धागा सापडला तो नाचातील एका चुकीमुळे. माशीचा नाच पूर्णपणे अचूक नसतो. दिवसाच्या वेळेप्रमाणे त्यात काही अंशांचा फरक पडतो. हा फरक कोठून येतो, याचा उलगडा होत नव्हता. १९६८ साली लिंडावर व मार्टिन यांनी पेटीभोवती तारेची वेटोळी बसवून त्यांतून वीज सोडली व पेटीच्या जागेपुरते पृथ्वीचे चुंबकत्व जवळजवळ नाहीसे केले. त्याबरोबर नाचातील ती चूकही जवळजवळ नाहीशी झाली. वीज बंद करताच चूक परत आली. पुढे त्यांनी पोळे आडवे ठेवले. आडव्या पोळ्यावर 'वर'ही नाही आणि अंधारात सूर्यही नाही. साहजिकच प्रथम माश्या वाटेल त्या दिशेला नाचू लागल्या. परंतु काही आठवडे गेल्यावर त्यांचे नाच चुंबकसूचीच्या उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम अशा मुख्य दिशांना धरून होऊ लागले. ओळंबा काढून घेतल्यावर माशीने दुसरा आधार शोधला, असा याचा अर्थ होतो.

मधपाळाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा प्रयोग पोळे बांधण्याविषयीचा आहे. ढोलीत शिरलेला नवा थवा मिट्ट काळोखात एकाच वेळी अनेक ठिकाणांहून मेण लावू लागतो, तरी सारी पोळी समांतर येतात. हजारो मजुरांना एकही मुकादम नसताना हे कसे साधते? एका गोल, आतून काहीही खूण नसलेल्या पिंपात थवा सोडला असता, मूळ वसाहतीची पोळी ज्या दिशेला होती त्याच दिशेला माश्यांनी नवी पोळी बांधली. पिंपाभोवतीची चुंबकीय दिशा कृत्रिम रीतीने फिरविली, तेव्हा पोळ्यांची दिशाही फिरली. म्हणजे घर बांधताना माश्या गुरुत्वाकर्षणाने उभी रेषा धरतात आणि चुंबकत्वाने आडवी दिशा धरतात.

माशीच्या शरीरात ही जाणीव कोठे वसते, या प्रश्नाचे उत्तर अजून पूर्णपणे हाती आलेले नाही. पण ते पोटाकडे बोट दाखविते. १९७८ साली गूल्ड, कर्शविंक व डेफेयस यांनी मधमाशीच्या पोटात चुंबकीय द्रव्य असल्याचे नोंदविले. हवाई विद्यापीठातील वॉकर व बिटरमन यांनी १९८५ मध्ये मोकळ्या उडणाऱ्या माश्यांना शिकवण दिली. एका बशीखाली चुंबकत्वात थोडा बदल केलेला असे व तेथे साखरेचे पाणी मिळे. दुसऱ्या बशीशी तसा बदल नसे. माश्या दोन्हींतील भेद ओळखू लागल्या. पुढे १९८९ साली त्यांनी माश्यांच्या पोटावर चुंबकित तारेचे सूक्ष्म तुकडे चिकटविले, तेव्हा त्यांची ही ओळख बिघडली. तेवढ्याच आकाराचे तांब्याचे तुकडे चिकटविले, तेव्हा मात्र बिघडली नाही. २०१७ साली कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठात असे आढळले की, चुंबकाची खूण शिकलेल्या माश्यांना प्रबळ चुंबकाजवळ धरून सोडले असता शिकलेली खूण त्यांना ओळखता येईनाशी होते. पोटातील चुंबकीय कणांची मूळ रचना विस्कटल्याने असे घडत असावे, असे त्या संशोधकांचे अनुमान आहे. माशीच्या पोटातील चरबीच्या पेशींत लोहाचे कण विपुल असतात, पण ते सर्वच चुंबकीय नसतात. त्यामुळे या विषयावर मतभेद आहेत आणि ते असणे योग्यच आहे.

या शक्तीचा उपयोग करणारी मधमाशी एकटी नाही. दलदलीतील चिखलात राहणारे काही जंतू चुंबकीय कणांच्या माळेमुळे होकायंत्राच्या सुईप्रमाणे वळतात व खालच्या गाळाकडे पोहतात, हे ब्लेकमोर यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केले. युरोपातील रॉबिन पक्षी स्थलांतरात चुंबकीय रेषांचा कल पाहतो, हे व्हिल्चको दांपत्याने १९७२ साली सिद्ध केले. गुरांविषयी मात्र सावधपणे बोलावे लागते. उपग्रहांची चित्रे तपासून २००८ साली काही संशोधकांनी असे मत मांडले होते की, चरणारी गुरे साधारणतः उत्तर-दक्षिण उभी राहतात. २०११ साली दुसऱ्या एका गटाला स्वतंत्र चित्रांत तसे काही आढळले नाही. गुराख्याला हे ठाऊकच आहे की, थंडीच्या सकाळी गुरे अंग उन्हाला देतात व वादळी पावसात वाऱ्याकडे पाठ करतात. तेवढ्यासाठी चुंबकाची साक्ष काढण्याचे कारण नाही.

आता प्रारंभीच्या प्रसंगाकडे पुन्हा पाहता येईल. जुन्या तिवईभोवती घिरट्या घालणाऱ्या माश्यांचे सूर्याचे, तोलाचे व चुंबकाचे ज्ञान शाबूत होते. त्याच ज्ञानाने त्यांना शेतातून अचूकपणे जुन्या जागेवर आणून सोडले. चूक झाली ती माणसाकडून. पेटी हलवावयाची झाल्यास ती एका दिवसात दोन-तीन फुटांपेक्षा अधिक सरकवू नये, किंवा एकदम तीन किलोमीटरांपलीकडे न्यावी. थोडे सरकविल्यास माश्या नकाशात दुरुस्ती करून घेतात. फार दूर नेल्यास ओळखीची एकही खूण न दिसल्याने त्या नव्याने फेऱ्या घेऊन नवा नकाशा करतात. या दोहोंमधले अंतर घातक असते. रोज सरकविताना ज्या दिवशी माश्या पावसामुळे बाहेर पडल्या नाहीत, तो दिवस हिशेबात धरू नये. शंभर-दोनशे पावलांवरच न्यावयाची असेल, तर प्रथम तीन किलोमीटरांहून दूर नेऊन दोन-तीन आठवडे ठेवावी व मग इच्छित जागी आणावी. यास खर्च येतो हे खरे. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेटी वाटपाच्या दिवशीच, ती कोठे ठेवावयाची हे शेताची पाहणी करून ठरवून द्यावे. सकाळचे ऊन, दुपारची सावली, वाऱ्याचा आडोसा व जवळ पाणी, एवढे पाहून ठेवलेली पेटी सहसा हलवावी लागत नाही.

वाहतूक नेहमी रात्री करावी. सर्व माश्या आत आल्यावर दार बारीक जाळीने बंद करावे; फळी ठोकून हवा कोंडू नये. नव्या जागी दार उघडताना समोर एक डहाळी आडवी ठेवावी. बाहेर पडणाऱ्या माशीला अडथळा जाणवला की ती थबकते, वळून पाहते व नव्याने ओळख करून घेते.

पेटी टेकविताना पाणसळ लावण्यास विसरू नये. माश्या आपल्या मानेतील ओळंब्याप्रमाणे पोळे काटेकोर उभे बांधतात. पेटी एका कुशीवर कललेली असेल, तर चौकट कलते पण पोळे कलत नाही. ते चौकटीबाहेर जाऊन शेजारच्या चौकटीला चिकटते आणि तपासणीच्या वेळी तुटते, मध सांडतो, अळ्या मरतात. पुढच्या बाजूस अर्धा-एक बोट उतार ठेवण्यास हरकत नाही, उलट त्याने पावसाचे पाणी निघून जाते. अनेक पेट्या एका ओळीत, एकाच रंगात व एकाच दिशेला तोंड करून ठेवल्यास माश्या चुकून शेजारच्या घरी शिरतात. दारे थोडी वेगवेगळ्या दिशांना करावीत आणि दारावर निळा, पिवळा, पांढरा असे निरनिराळे पट्टे द्यावेत. लाल रंग त्यांना काळ्यासारखाच भासतो, म्हणून त्याचा उपयोग नाही.

पेटीला चुंबक बांधल्याने मध वाढतो, असे सांगून काही विकू पाहणारे भेटल्यास पैसे घालवू नयेत. वर सांगितलेल्या प्रयोगांत प्रबळ चुंबकाने माशीची जाण वाढली नाही, बिघडली. चौकटीतील तार व खिळे यांची मात्र धास्ती बाळगू नये; अशाच पेट्यांत जगभर वसाहती नांदत आहेत.

माशीची वाट बुजविणारी खरी गोष्ट शेतातच असते. २०१२ साली फ्रान्समध्ये माश्यांच्या पाठीवर सूक्ष्म खुणपट्ट्या लावून त्यांच्या ये-जा करण्याची नोंद ठेवण्यात आली. थायामेथोक्झाम या कीटकनाशकाची, मरण न येईल इतकी अल्प मात्रा ज्यांना दिली होती, त्यांतील घरी न परतणाऱ्या माश्यांचे प्रमाण इतरांपेक्षा लक्षणीय रीतीने अधिक भरले. पेटीसमोर मेलेल्या माश्यांचा खच दिसला की शेतकऱ्याच्या ध्यानात येते. पण रानात वाट चुकून संपलेली माशी कोणालाच दिसत नाही. पेटी दिवसेंदिवस हलकी होत जाते, एवढेच काय ते दिसते. म्हणून पीक फुलोऱ्यात असताना कीटकनाशक फवारू नये. अगदीच अपरिहार्य असेल, तर माश्यांना कमीत कमी घातक असे औषध निवडून सूर्यास्तानंतर फवारावे, आणि शेजारच्या शेतात पेट्या असल्यास त्या मालकाला आदल्या दिवशी निरोप द्यावा. निरोप मिळालेल्या मालकाने त्याच रात्री दारांना जाळी लावावी, पेटीवर ओले गोणपाट टाकावे आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढण्यापूर्वी सावलीची व हवेची खात्री करून घ्यावी. पेटी मात्र जागची उचलू नये.